डोक्यावर काही नको

त्या घरात जायचं तर खाली बघून चालावं लागायचं. दारातून आत पाऊल टाकलं की उजव्या हाताला पिठाचा मोठा डबा, त्याला चिकटून तेलाची बरणी, मग ओळीनं साखर, मीठ, डाळी, चहा. घड्याळ भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेलं. त्याच्या शेजारी घरातले जुने फोटो, आगंतुक पाव्हणे अंग चोरून बसावेत तसे. स्वयंपाकघरात फळ्या होत्या, पण त्यांच्यावर धुळीशिवाय दाणा नव्हता. छताला पंखा नव्हता. पंख्याचा आकडा होता, आणि तोही कापडाचा बोळा बांधून झाकलेला. गॅसची टाकी आणणारा माणूस दर खेपेला कशाला तरी अडखळायचा.

"वहिनी, घर बदलताय का?"

"घर कशाला, घरधनी बदलून मिळतो का बघतेय," वहिनी टाकी टिचकीनं वाजवून बघत म्हणायच्या.

हे सगळं एका दिवसात झालेलं नव्हतं. आधी पंखा उतरला. आवाज करतो म्हणे. मग माळ्यावरची पेटी. मग भिंतीवरचं घड्याळ, मग एकेक डबा. बायकोनं डबा फळीवर ठेवावा आणि संध्याकाळी तो खाली यावा. दोघं त्यावर भांडत नव्हती. ती वर ठेवायची, तो खाली ठेवायचा. शेवटी बाईचे हात थकले. एकदा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता छप्पर तेवढं राहिलंय. ते कधी उतरवताय?"

थट्टाच होती ती. पण नवऱ्यानं मान वर करून छताकडं असं काही निरखून बघितलं, की तिचे कमरेवरचे हात खाली आले. हे नुसतं विक्षिप्तपण नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

नवरा क्रेन चालवायचा. इमारतीपेक्षा उंच खांब, त्याच्या टोकाला आडवा लांबलचक हात, आणि सांध्याजवळ काचेची खोली. त्या खोलीत हा एकटा. साइटवरच्या लोकांनी क्रेनचं नाव ठेवलं होतं उंट, आणि मग वर बसणाऱ्याचं नाव वेगळं ठेवायची गरजच उरली नाही. उंटावरचा शहाणा. पुढं लोकांना तेवढंही लांब वाटायला लागलं आणि नुसता शहाणा राहिला. बायको आपोआप शहाणीण झाली. नवीन मुकादमाला तर ते आडनावच वाटायचं.

खाली उभं राहून त्याला हातानं इशारे देणारा जो माणूस, त्याला सगळे बँडमास्तर म्हणायचे, थोडक्यात मास्तर. वजन वर घे, खाली घे, फिरव, हळू, थांब, सगळं हातावर. वरून आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं ह्या दोघांची वीस-बावीस वर्षांची दोस्ती बहुतेक मुकीच होती. मास्तरची तर्जनी जमिनीकडं वळून गोल फिरली की शहाण्याच्या हातातला क्रेन चालवायचा दांडा आपोआप सरकायचा. शहाणीण म्हणायची, "माझं तोंड दिवसभर चालतं ते ह्यांना ऐकू येत नाही. आणि त्या मास्तरचं एक बोट हललं की ह्यांना सगळं कळतं."

ह्या कामाचे नियम थोडे, पण ते कुणी मोडत नाही. वजन माणसाच्या डोक्यावरून न्यायचं नाही. इशारा एकाचाच मानायचा, पण 'थांब' म्हणायचा हक्क मात्र कुणालाही, झाडूवाल्यालासुद्धा. आणि तिसरा नियम असा, की हुकाला वजन लटकत ठेवून क्रेनवाल्यानं खाली उतरायचं नाही. पोटात कळ येवो, जेवणाची घंटा होवो, घरून कुणी बोलवायला येवो. आधी वजन जमिनीला, मग तू जमिनीला.

त्या दिवशी सळ्यांचा गठ्ठा होता. मास्तरनं फिरव म्हटलं, शहाण्यानं फिरवला. गठ्ठ्याच्या वाटेवर खाली माणूस नव्हता. तेवढ्यात सळ्या बांधणारा एक गडी आपली पाण्याची बाटली घ्यायला वाकून, माणसांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या पलीकडून आत शिरला. मास्तरनं त्याला बघितलं आणि हात केला, थांब. शहाण्यानं जागच्या जागी थांबवलं. क्रेन थांबली, गठ्ठा कसा थांबेल? तो झोका घेऊन पुढं गेला, तारेच्या फासातून सरकला, आणि सळ्या सुटल्या. बाटलीला काही झालं नाही.

चौकशी झाली. तारेचा फास आतून झिजलेला होता, तो त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी गेलाच असता, असं ठरलं. शहाण्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. मास्तरकडंही नाही. मेलेल्याच्या घरच्यांना जे मिळायचं ते मिळालं आणि ते लोक आपल्या गावी निघून गेले. नव्या फासाची खरेदी झाली. शहाणा परत वर चढायला लागला. सगळे म्हणाले, गडी घट्ट आहे.

घट्टच होता. पण तळहातात काहीतरी राहून गेलं होतं. बसनं ब्रेक मारला की त्याच्या उजव्या तळव्यात दांडा यायचा आणि झटका बसायचा. दुकानदारानं वरच्या फळीवरून खोकं काढलं की ह्याची मान खांद्यात. झोपेत तो उजवा हात असा आवळायचा, की सकाळी बोटं एकेक करून सोडवावी लागत. साधं उदाहरण सांगायचं तर, विळीवर बोट कापलं की पुढं काही दिवस आपण विळीला बिचकतो आणि मग विसरतो. ह्याचं विसरायचं राहूनच गेलं होतं. उलट रोज कालच कापल्यासारखं.

मग एकदा वजन हवेत असताना त्याचा हात दांड्यावर थिजला. वरही नाही, खालीही नाही. खाली मास्तर तर्जनी फिरवून फिरवून दमला. शेवटी दुखऱ्या गुडघ्यानिशी ती सगळी शिडी चढून वर आला. शहाणा घामानं भिजलेला, डोळे हुकावर.

"उतर," मास्तर म्हणाला.

"वजन आहे," शहाणा म्हणाला.

दुसऱ्या साइटवरून दुसरा क्रेनवाला येऊन त्यानं वजन खाली घेईपर्यंत शहाणा तिथून हलला नाही. मग दोघं शिडीनं खाली आले. मास्तर पुढं, शहाणा मागं. त्यानंतर शहाणा स्टोअरमध्ये हेल्मेटं आणि हातमोजे वाटायला लागला. स्टोअरच्या फळ्यासुद्धा काही दिवसांत रिकाम्या झाल्या, ती गोष्ट वेगळी.

आता इलाज. इलाज म्हटलं की जो तो वैद्य होतो. चक्कर येते म्हणून आधी कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कान उत्तम निघाले. छाती धडधडते म्हणून हृदयाच्या डॉक्टरकडं. हृदयही ठणठणीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं बरेच महिने चाललं. मेहुणा म्हणाला, "दाजी, चार दिवस हवापालट करा." हवापालट करून आले, तर लॉजच्या खोलीत पंखा डोक्यावर होता म्हणून माणूस व्हरांड्यात झोपला. साइटवरच्यांनी आपलं नेहमीचं औषध बाटलीतून पाजून बघितलं. त्यानं झोप लागली खरी, पण जाग भलत्या वेळी यायची, आणि तेव्हा हाताबरोबर डोकंही आवळलेलं असायचं. तो इलाज शहाण्यानं आपणच बंद केला. एवढं शहाणपण नावाला साजेसंच म्हणायचं.

कंपनीनंही एक गृहस्थ पाठवले होते. चांगल्या कपड्यातले. त्यांनी अपघाताच्या दिवशी हजर असलेल्या सगळ्यांना एका खोलीत गोल बसवलं आणि म्हणाले, मन मोकळं करा, जे बघितलं ते सगळं बोलून टाका. प्लास्टरवाला बोलला, रडला, आणि त्या रात्रीपासून त्याचीही झोप गेली. शहाणा काही बोलला नाही. मास्तर म्हणाला, मला गुडघ्याचा त्रास आहे. गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

हे असंच चालू राहिलं असतं. पण लेकीला मूल झालं.

लेक दुसऱ्या शहरात राहायची. पोर बसायला लागलं तसं ती माहेरी येऊन दोन दिवस राहून गेली. तिनं घर बघितलं. फिनेलची बाटली मोरीच्या दारात, विळी शेगडीपाशी जमिनीवर, औषधांचा डबा पलंगाशेजारी, झाकण सैल. बापाकडं बघितलं, तर बाप नातवाला मांडीवर घ्यायचा, पण उचलायचा नाही. कुणी उचलून दिलं तर दोन्ही हातांनी धरून ठेवायचा, गुडघ्याच्या वर नेत नव्हता. घरी गेल्यावर लेकीनं आईला फोन केला.

"आई, हा आता रांगायला लागेल. त्या घरात मी त्याला आणणार नाही."

"अगं, मी लक्ष ठेवीन की."

"तुझं लक्ष बाबांवर असतं. दोघांवर कसं ठेवशील?"

शहाणिणीनं फोन ठेवला आणि लेकीचं बोलणं जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. मीठ-मसाला घातला नाही. ती एरवी घालायची, म्हणून त्याला ते जास्त लागलं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात इंजेक्शन देणारा जो कंपाउंडर होता, त्यानं मागंच एकदा म्हटलं होतं, हे मनाचं आहे, सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. तेव्हा शहाणा त्याच्या अंगावर गेला होता, मी काय वेडा आहे का म्हणून. आता शहाणिणीनं तेच काढलं. तो पुन्हा म्हणाला, "मी वेडा आहे का?"

"वेडे असता तर सोपं होतं. हाताला धरून नेलं असतं. शहाणे आहात म्हणून तर विचारतेय."

गेले. केसपेपर काढला. मनाच्या डॉक्टरनं झोपेचं विचारलं, खाण्यापिण्याचं विचारलं, जीव द्यावासा वाटतो का तेही सरळ विचारलं. शहाणा म्हणाला, "नाही. डबे खाली ठेवावेसे वाटतात." डॉक्टर हसला नाही. त्यानं दोन गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "ह्यानं झोप सुधारेल, धसका थोडा कमी होईल. पण खरं काम बोलण्याचं आहे. आणि ते कुणाशीही बोलून होत नाही. त्यातलं शिकलेलं माणूस लागतं."

ते माणूस शोधण्यात पुन्हा चपला झिजल्या. पाठवलं त्या खोलीत दारू सोडवणारे भाऊ बसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "हे माझं काम नाही. मी करायला गेलो तर बिघडवीन. मागच्या इमारतीत एक बाई आहेत, त्या आघातावरचंच करतात." शहाण्याला त्या भाऊंबद्दल आदर वाटला. आपल्याला जमणार नाही त्या क्रेनवर न चढणारा माणूस त्याला कळत होता.

बाईंच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, कागदी रुमालांचं खोकं आणि छताला पंखा. शहाण्यानं आत येताच आपली खुर्ची उचलून भिंतीशी नेली. बाईंनी काही न विचारता आपलीही खुर्ची उचलली आणि त्याच्यासमोर आणून ठेवली. टेबल एकटंच पंख्याखाली राहिलं. बाई तिशीतल्या, त्यांना कायम सर्दी, बोलता बोलता नाक पुसायच्या. शहाण्याला वाटलं, हिला स्वतःचं नाक आवरत नाही, ही माझं काय आवरणार. पण हे वाटणं त्यानं घरी येऊन शहाणिणीला सांगितलं, आणि बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं.

सुरुवातीला अपघाताचा विषयच नव्हता. पाय जमिनीला टेकलेत का, खुर्ची पाठीला कुठं लागते, श्वास कसा सोडायचा, असलं काहीतरी. शहाण्याला ते पोरकट वाटे, पण करायचा. हे जे होतंय त्याला नाव आहे, असं बाईंनी सांगितलं. आघातानंतरचा ताण. शरीर धोका संपला हे मानायला तयार नसतं. युद्धावरून आलेल्यांना होतं, आगीतून वाचलेल्यांना होतं, आणि क्रेनवाल्यांनाही होतं.

"किती क्रेनवाले आले तुमच्याकडं?"

"तुम्ही पहिलेच."

"मग कसं म्हणता?"

"तुम्हाला झालंय म्हणून म्हणते."



मग एका दिवशी त्यांनी विषय काढला. डोळे मिटून तो दिवस पहिल्यापासून सांगायचा, आत्ता घडतोय असा. "फार झालं की नुसता हात वर करा. मी तिथंच थांबेन. एक शब्द पुढं विचारणार नाही." शहाण्यानं सांगायला घेतलं. शिडी, केबिन, चहाचा थर्मास, सळ्यांचा गठ्ठा. फिरव. दोरीच्या पलीकडून वाकून येणारं डोकं. आणि त्याचा हात वर गेला.

बाई जागच्या जागी थांबल्या.

शहाण्यानं डोळे उघडले. खोली गरगरत होती. बाई म्हणाल्या, "थोडं बसा. हे असं सोडून जायचं नाही, आपण आधी—" पण शहाणा उठला होता. "झालं माझं," म्हणाला. परक्या बाईपुढं घाम पुसायची त्याला लाज वाटली. त्यानं रुमालांच्या खोक्याला हात लावला नाही, बाहीनं तोंड पुसलं आणि निघाला. बाई दारापर्यंत मागं आल्या. तो जिन्यावरून खाली उतरला होता.

पुढचा आठवडा फार वाईट गेला. तो गठ्ठा जागेपणीच डोळ्यांसमोर लोंबायला लागला. पडायचा नाही, खालीही यायचा नाही, नुसता लोंबायचा. बाईंचा फोन दोनदा आला, त्यानं घेतला नाही. जायचा दिवस आला तसा तो घरातून निघाला, आणि दवाखान्याऐवजी न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसला. पुढच्या आठवड्यालाही तेच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, पण हे भांडं लपेना, कारण न्हाव्याच्या दुकानात नुसतं बसता येत नाही.

शहाणिणीनं त्याच्या डोक्याकडं बघितलं. "अहो, मागच्या आठवड्यात कापले होते ना?"

"उकडतं."

"मला वाटलं, डोक्यावर काही नको म्हणून केसही उतरवले."

त्यानं मानेवरून हात फिरवला. मग तिला कळलं, हे दवाखान्यात जातच नाहीत. तिनं मास्तरला निरोप धाडला. कारण लेकीचा फोन येऊन गेला होता. पोर पोटावर सरकायला लागलं होतं.

मास्तर आला. दारातच पिठाच्या डब्याला गुडघा आपटला, तोही दुखराच. डबे ओलांडत आत येऊन त्यानं घड्याळ थोडं बाजूला सरकवलं आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसला. शहाणिणीनं चहा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी अशी हळू घासायला लागली, की बाहेरचं सगळं ऐकू यावं.

"घर झकास लावलंयस," मास्तर म्हणाला. "चोराला वाकायचा त्रास."

"तुला कुणी बोलवलं?"

"शहाणिणीनं. आणि तू तिकडं जायचं सोडलंस म्हणे."

"काही उपयोग नाही. बोलून काय होतंय? गेलेला परत येतोय का?"

"ते मला माहीत आहे. हात माझा होता."

ही गोष्ट त्या दोघांत कधी निघालेली नव्हती. शहाण्यानं कपाकडं बघितलं. मास्तरनं बशीत चहा ओतला, फुंकला.

"दांडा माझा होता," शहाणा म्हणाला. "हळू ओढला असता तर झोका बसला नसता."

"मी थांब म्हणालो."

"म्हणालास."

"मग हळू कसा ओढणार होतास? थांब म्हणजे थांब." मास्तरनं बशी खाली ठेवली. "ते राहू दे. त्याचं ठरवायला आपण दोघं पुरे पडायचो नाही. मला एक सांग, त्या बाईंकडं काय झालं?"

शहाण्यानं सांगितलं. डोळे मिटले, सांगत होतो, हात वर केला, त्या थांबल्या, मी उठून आलो. मास्तर ऐकत राहिला. मग त्यानं गुडघा चोळला.

"म्हणजे गठ्ठा वर होता."

"काय?"

"सांगता सांगता तू गठ्ठा वर घेतलास. अर्ध्यात थांबलास. आणि शिडी उतरून घरी आलास. वजन हुकाला ठेवून." त्यानं एकेक शब्द सुटा टाकला. "असं कधी केलंस रे आयुष्यात?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"त्या दिवशी तुझे हात थिजले होते, मुतायचीही शुद्ध नव्हती तुला, तरी तू खाली आला नाहीस. दुसरा येऊन वजन टेकवेपर्यंत बसलास. आणि इथं सर्दीवाल्या बाईपुढं लाज वाटली म्हणून पळालास. मग लोंबणार नाही तर काय होईल?"

"सर्दीचं तुला कुणी सांगितलं?"

"शहाणिणीनं. तिनं सगळंच सांगितलं. केसांचंही."

मास्तर गेला तेव्हा शहाण्यानं दारापर्यंत येऊन पिठाचा डबा पायानं सरकवला, वाटेतून थोडा बाजूला. एवढंच.

पुढच्या भेटीला तो दवाखान्यात गेला. बाईंनी मधल्या गैरहजेरीबद्दल काही विचारलं नाही. तोच उभ्या उभ्या म्हणाला, "बाई, मी वजन लटकत ठेवून गेलो होतो." आणि मग त्यानं नियम सांगितला. तुम्ही बसा म्हणाला होतात, मी बसलो नाही. पण तुमच्या त्या हात वर करण्यानंही भागणार नाही. हात वर केला की वजन आहे तिथं राहतं, खाली येत नाही.

बाईंनी विचार केला. "मग खाली घ्यायचा इशारा कोणता?"

त्यानं तर्जनी जमिनीकडं करून गोल फिरवली. बाईंनी करून बघितली. बोट चुकून वरच्या बाजूला फिरलं.

"अहो, असं केलंत तर आणखी वर जाईल," शहाणा म्हणाला, आणि दोघंही हसली. बाईंनी नाक पुसलं आणि बोट नीट खाली वळवलं.

त्यानंतर ठरलं ते असं. फार झालं की त्यानं तर्जनी फिरवायची. मग थांबायचं नाही, खाली यायचं. केबिन, शिडी, जमीन, बूट, खुर्ची, ही खोली. सगळं टेकलं की मगच उठायचं. घाम आला तर रुमाल घ्यायचा, ते सरकारी आहेत, कुणी मोजत नाही.

किती वेळा तो दिवस त्यानं सांगितला, त्याची गणती नाही. कधी गठ्ठ्यापर्यंत, कधी पडेपर्यंत, कधी पडल्यानंतरच्या शांततेपर्यंत. दांड्याची गोष्टही तिथं निघाली. तुमचा दोष नाही, असं बाई चटकन म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "समजा हळू ओढला असता. काय दिसतंय, सांगा." शहाण्यानं डोळे मिटून बघितलं. हळू थांबणारा गठ्ठा हळूहळू पुढं सरकत होता, सरळ त्या माणसाच्या डोक्यावर. तो चिडला. असं काय विचारता म्हणून बाईंवरच चिडला. दोन-तीन भेटी चिडलेलाच होता. मग एका भेटीत चिडणं संपलं आणि रुमाल लागला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. मुंगीचं काय वर्णन करायचं?

घरचा अभ्यास मात्र सांगण्यासारखा होता. बाईंनी सांगितलं, फळीवर काहीतरी ठेवा आणि त्याच्याखाली बसा, धडधड उतरेपर्यंत. अगदी हलकं घ्या. शहाण्यानं पहिल्यांदा उशी ठेवली. उशी पडून आजवर कुणी मेलेलं नाही, हे त्याला कळत होतं. तरी घामानं सदरा भिजला. शहाणीण बघून म्हणाली, "उशी फळीवर आणि डबे उशाला. असा संसार बाई मी बघितला नव्हता."

उशीनंतर प्लास्टिकची रिकामी बरणी. मग चहाचा डबा, आधी रिकामा, मग भरलेला. काही दिवस चढता क्रम, काही दिवस उतरता. एकदा साइटवर कुणाच्या हातून पत्रा पडला आणि शहाण्यानं घरी येऊन चहाचा डबा पुन्हा खाली ठेवला. शहाणिणीनं खाली ठेवलेल्याच डब्यातली पावडर घेऊन चहा केला. दोन दिवसांनी डबा वर गेला.

मास्तरनंही एकदा विचारलं, सहज विचारावं तसं, "त्या बाई गुडघ्याचंही बघतात का?"

"गुडघ्याचं नाही," शहाणा म्हणाला. "हाताचं बघतात. चल पुढच्या वेळी."

लेक आली तेव्हा पोर रांगत होतं. तिनं आधी उंबऱ्यातच उभं राहून घर नजरेखालून घातलं. फिनेल वर होतं. विळी वर, औषधं वर, तेल वर. घड्याळ भिंतीवर होतं, थोडं वाकडं. पिठाचा मोठा डबा मात्र जमिनीवरच होता आणि आकड्याला पंखा नव्हता. क्रेनवर तो परत चढलेला नव्हता आणि चढेल असं कुणी म्हणतही नव्हतं.

"पिठाचा?" तिनं आईला विचारलं.

"तो जड आहे," शहाणीण म्हणाली. "राहू दे."

लेकीनं पोराला खाली सोडलं. ते सरळ पिठाच्या डब्याकडं गेलं आणि त्याच्यावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागलं. शहाणा शेजारी मांडी घालून बसला. पोरानं थोडा वेळ डबा वाजवला, मग कंटाळलं, आजोबाकडं वळलं आणि उचल म्हणून दोन्ही हात वर केले.

शहाण्यानं त्या वर गेलेल्या हातांकडं बघितलं. आत कपबशीचा आवाज बंद झाला. त्यानं एकदा वर छताकडं बघितलं, एकदा खाली फरशीकडं, आणि पोराच्या काखेत हात घातले. गुडघ्यापर्यंत आणलं. पोटापर्यंत. छातीपर्यंत आणलं आणि थांबला. पोर पाय झाडत होतं.

"आणखी वर न्या की, बाबा," लेक म्हणाली. "त्याला आवडतं."

"आज इथपर्यंतच."

छातीशी धरून तो काही वेळ तसाच राहिला. मग जितक्या हळू वर नेलं होतं, त्याहून हळू खाली आणलं. पोराचं बूड फरशीला टेकलं, सगळं वजन जमिनीनं घेतलं हे तळहातांना कळलं, आणि मगच त्यानं हात सोडले.